मुखपृष्ठावरील नाव

नियतकालिकाचे अंतरंग कितीही भारदस्त असो, वाचकाच्या हाती प्रथम पडते ते त्याचे मुखपृष्ठ, आणि मुखपृष्ठावरही प्रथम वाचले जाते ते त्याचे नाव. संपादकीय न वाचणारे वाचक असतात, अनुक्रमणिका चाळून अंक बाजूला ठेवणारेही असतात. परंतु नाव न वाचता अंक उचलणारा वाचक विरळा. असे असूनही मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आम्ही ग्रंथ मोजले, ग्रंथकारांची चरित्रे लिहिली, ओव्यांची संख्या काढली. ती सर्व ज्या अक्षरांतून आमच्यापर्यंत आली त्या अक्षरांकडे मात्र पाहिले नाही. नाव कोणत्या लिपीत, कोणत्या वळणाने आणि कोणाच्या हाताने लिहिले गेले, हा केवळ सजावटीचा प्रश्न नव्हे. आपण कोणाशी बोलू इच्छितो, याचे उत्तर त्यात दडलेले असते.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावी बसून हा विषय मांडताना आरंभ जवळूनच करता येतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली तेथे राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, पुढील मजकूर प्राकृतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो प्रचंड अभ्यास केला, त्यामुळे या अक्षरांचा एक विशेष सर्वांच्या परिचयाचा झाला. वाकाटकांच्या ताम्रपटांतील अक्षरांच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी असते. म्हणून त्या वळणास पेटिकाशीर्ष म्हणतात. अर्थाच्या दृष्टीने त्या पेटीची काही गरज नाही. ती नसती तरी अक्षर वाचता आले असते. तरीही कोरणाऱ्याने प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर ती पेटी कोरली, कारण हा लेख राजाचा आहे हे वाचण्यापूर्वीच डोळ्यांना कळावे. अक्षराच्या मस्तकाला मान देण्याची ही रीत आपल्या भूमीत दीड हजार वर्षांहून जुनी आहे. आज आपण ज्याला शिरोरेखा म्हणतो, ती याच मानाची साधी, सरळ आणि सर्वांना परवडणारी रूपरेषा होय.

आता ख्रिस्ती मराठीकडे वळू. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ साली आले. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास पोचले आणि पुढील चाळीस वर्षे तेथेच राहिले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ. मराठीच्या थोरवीचे गुणगान करणारा. परंतु तो छापला गेला रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्याही रोमनच. मराठीची स्तुती पराया अक्षरांत छापावी लागली, यामागे लेखकाची अनास्था नव्हती. स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या येशूसंघाच्या प्रमुखांना पत्र लिहून या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा व्यक्त केली होती. तमिळमध्ये ते घडले होते. १५७८ साली कोल्लम येथे तमिळ अक्षरांत ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले होते. मराठीची अडचण संख्येची होती. युरोपीय भाषांना चोवीस अक्षरांचे ठसे पुरत. येथे स्वरचिन्हे व जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे ठसे लागतील असा हिशेब होता.

हा सहाशेचा आकडा आम्हांला फार बोलका वाटतो. एका समाजाचे धर्मवाङ्मय कोणत्या लिपीत वाढावे, हे त्या आकड्याने ठरविले. स्टीफन्स १६१९ मध्ये निवर्तले. इच्छा अपुरी राहिली. पुढे १६८४ च्या राजाज्ञेने गोव्यात स्थानिक भाषांच्या वापरावरच घाला आला. पोर्तुगीज सत्तेने आणि तिच्याशी एकरूप झालेल्या धर्माधिकाऱ्यांनी केलेला तो अन्याय आपण झाकून ठेवू नये. अक्षरे न मिळाल्याने जे कमी पडले, ते भाषा नाकारल्याने अधिकच दुरावले. ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यात १९५६ साली सिद्ध केली. मूळ मुद्रणानंतर ती ३४० वर्षांनी आली.

मधल्या काळात देवनागरीचे खिळे तयार झाले, आणि त्यांच्या इतिहासातही ख्रिस्ती हात आहेत. रोम येथील प्रोपागांडा फिदे या धर्मप्रसार संस्थेच्या छापखान्यात १७७१ साली देवनागरी अक्षरांची ओळख करून देणारी पुस्तिका निघाली. श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले, ते देवनागरी खिळ्यांचा उपयोग करून. त्यांचा मराठी कोश १८१० साली मोडी खिळ्यांनी निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी अक्षरांना सुबक रूप दिले, आणि त्याच छापखान्यात लहानपणी खिळे घासण्याचे काम करणाऱ्या जावजी दादाजी यांनी पुढे १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. रानोजी रावजी आरू यांच्या हातच्या पोलादी ठशांनी निर्णयसागरचे वळण घडविले, आणि ते अवघ्या देशात मानले गेले. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी पेरलेले आणि हिंदू कारागिरांनी फळास आणलेले हे झाड आहे. त्याच्या सावलीत कॅथलिक मराठी नियतकालिके पुढे वाढली. हे ऋण मान्य करण्यात आपल्याला कमीपणा नाही.

वृत्तपत्रांनी नावाचे मोल फार लवकर ओळखले होते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, तेव्हा एका पानावर इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारी उभे होते; पत्राची रचनाच त्याचे धोरण सांगत होती. ‘केसरी’ने १८८१ मध्ये आपल्या नावासोबत सिंह आणि संस्कृत श्लोक दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’च्या शिरावर १९२० साली तुकोबांचा अभंग होता, तर ‘बहिष्कृत भारत’च्या शिरावर १९२७ साली ज्ञानेश्वरीतील ओवी. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नव्हते, त्यांनी संतवाणीला आपल्या पत्राच्या मस्तकी बसविले. नावाखालची ती जागा बोटभर उंचीची. परंतु त्या जागेत वारसाहक्काचा केवढा दावा मांडलेला आहे!

आमच्या पंथात ‘निरोप्या’ हे नाव १९०३ साली आले. ते सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हे जर्मन येशूसंघीय. पुढे १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतल्या नवख्या ख्रिस्ती वाचकांसाठी काढलेल्या पत्राला त्यांनी लॅटिन किंवा जर्मन वळणाचे नाव दिले नाही. निरोप घेऊन येणारा, हा गावात सर्वांना कळणारा शब्द घेतला. पुढे वसईच्या ‘सुवार्ता’नेही हीच वाट धरली. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा स्टीफन्स यांच्या पत्राला चारशेहून अधिक वर्षे झाली होती.

या दोन नावांकडे अक्षरे म्हणून पाहू. ‘निरोप्या’ लिहिताना पहिल्या अक्षरावर वेलांटीची कमान येते, दुसऱ्यावर मात्रा, आणि तिसऱ्यात अर्धा ‘प’ ‘या’ला बिलगतो. शब्दाचा सारा भार शिरोरेखेच्या वर डावीकडे आणि मध्यावर; उजवीकडे वर मोकळे आकाश. ‘सुवार्ता’मध्ये पहिल्या अक्षराखाली उकार, शेवटच्यावर रफार, शब्द डावीकडे खाली झुकतो आणि उजवीकडे वर उठतो. रोमन मोठ्या अक्षरांत नाव मांडणाऱ्यास ही चिंता नसते. तेथे सर्व अक्षरे एकाच उंचीची. देवनागरीत तीन मजले असतात: शिरोरेखेवरचा, मधला आणि खालचा. मधला मजला मोठा केला तर मात्रा चेपतात. मात्रांना जागा दिली तर नाव लहान दिसते. आपल्याकडे नाव तयार करणे म्हणजे या तीन मजल्यांतला तह होय.

खिळ्यांच्या काळात हा तह कठीण होता. छापखान्यात मोठ्या आकाराचे खिळे मोजकेच असत, आणि जुळारी जे घरात असेल तेच लावणार. म्हणून नाव चित्रकाराकडून काळ्या शाईने मोठे लिहून घेत, त्याचे छायाचित्र घेऊन जस्ताच्या पत्र्यावर कोरीत, आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणीत. असा ब्लॉक एकदा झाला की वर्षानुवर्षे तोच. अंकागणिक फक्त शाईचा रंग बदले. गरिबीतून आलेल्या या सातत्यानेच नियतकालिकांना चेहरा दिला. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकाराने नाटकांच्या जाहिरातींतून दाखवून दिले की हाताने लिहिलेले नाव नाटकाचा स्वभाव सांगू शकते. त्याच सुमारास मुंबईतील लघुनियतकालिकांनी सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर हवे तसे नाव लिहून खिळ्यांची सत्ताच झुगारली.

या प्रयोगांना शास्त्राची बैठक मिळाली ती दोन व्यक्तींमुळे. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध करून खिळ्यांचा सारा इतिहास एकत्र आणला. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी जाहिरातक्षेत्रात आणि नंतर पवईच्या आयआयटीत अक्षरांचे प्रयोग केले. त्यांची कविताच अक्षरांच्या मांडणीतून उभी राहत असे. संगणकावर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. स्टीफन्स यांच्यापुढची सहाशे ठशांची भिंत आता एका लहानशा संगणकीय संचात मावते.

भिंत पडली, पण एक नवा मोह उभा राहिला. संगणकावरील तयार टंकांत नाव टाकावे, त्याला सावली द्यावी, सोनेरी रंग भरावा, आणि झाले मुखपृष्ठ! धर्मग्रामांच्या स्मरणिका पाहिल्या तर एकीचे नाव दुसरीवर चिकटविले तरी फरक कळू नये, अशी स्थिती दिसते. आणखी एक मोह खास आपला: अक्षरात क्रूस बसविण्याचा. देवनागरीत तो सोपा वाटतो, कारण दंड शिरोरेखेला जेथे मिळतो तेथे अर्धा क्रूस तयारच असतो. दंड थोडा वर नेला की झाले. पण दंड वर गेला की वाचक तेथे मात्रा शोधू लागतो, आणि नावाचा उच्चारच डळमळतो. आमचे मत असे की, ज्या नावातील अक्षर क्रूसासाठी मोडावे लागते, ते नाव ना धड मराठी राहते ना धड ख्रिस्ती. शब्दाने देह धारण केला, अशी आपली श्रद्धा आहे. त्या श्रद्धेस शोभेल असे अक्षर आपल्या हाडापेरांवर सरळ उभे असावे.

लहान त्रैमासिकालाही हा प्रयोग परवडतो. तिरकस कापलेला बोरू आणि शाई घेऊन नाव शंभर वेळा लिहावे. त्यातली दहा निवडावीत. ती टपालाच्या तिकिटाएवढी लहान करून पाहावीत आणि दहा पावलांवरून वाचून पाहावीत. रंग अगदी शेवटी यावा. जे नाव काळ्यापांढऱ्यात उभे राहत नाही, त्याला कोणताही रंग तारीत नाही. चित्राने नावाला वाट द्यावी, नावावर चढू नये. आणि जे वळण ठरेल ते निदान दहा वर्षे बदलू नये, कारण चेहरा ओळखीचा होण्यास वेळ लागतो.

वत्सगुल्माच्या राजाकडे तांबे होते आणि कोरणारा होता. स्टीफन्स यांच्याकडे भाषा होती, पण ठसे नव्हते. आपल्याकडे आज भाषा आहे, लिपी आहे आणि साधनेही आहेत. आता उणीव राहिलीच तर ती फक्त काळजीने लिहिणाऱ्या हाताची असेल, आणि तिचा दोष कोणत्याही राजाज्ञेवर टाकता येणार नाही.