आपल्या बादलीतली नदी

नरकचतुर्दशीची पहाट. फरवानियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये अभ्यंगस्नानाची गडबड. बादली भरताना आई सवयीनं गंगा-यमुनेपासून कावेरीपर्यंत नद्यांची नावं घेत होती. धाकट्यानं विचारलं, "आजी, यातली इथली नदी कुठली गं?" आजी गप्प! कुवेतमध्ये नदीच नाही. पण शोधायला बसलो आणि एक नदी सापडली.

तैग्रिस आणि युफ्रेटिस इराकमध्ये कुर्ना इथं एकत्र येतात आणि सुमारे २०० किलोमीटर वाहत समुद्राला मिळतात. तीच शत्त अल-अरब. वाढत्या कुवेतला विहिरी पुरेनात, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लाकडी टाक्या बसवलेली गलबतं या नदीचं गोडं पाणी आणू लागली. १९३९ मध्ये त्यासाठी कंपनीही निघाली.

कोकणातल्या माणसाला त्यातलं गणित लगेच कळेल. आपल्या खाडीसारखीच इथंही भरती-ओहोटी. भरतीबरोबर वर चढायचं, पाणी गोडं लागलं की टाक्या भरायच्या, ओहोटीला उतरायचं. समुद्र खवळला की गलबतं अडकायची आणि गावात पाण्याचे भाव चढायचे. किनाऱ्यावरून ते पाणी पखालींतून गाढवांवर, नाहीतर कावडीनं दारोदार जायचं. १९५३ मध्ये समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढणारा दिवसाला १० लाख गॅलनचा कारखाना सुरू झाला आणि गलबतांचं काम संपत गेलं.

नदीचं पुढं काय झालं? १९३७ च्या करारानं तिचं बहुतेक पात्र इराककडं राहिलं, पण वाट सगळ्यांच्या व्यापारी जहाजांना खुली होती. १९७५ मध्ये इराण-इराकनं खोल प्रवाहाच्या मध्यातून हद्द आखली. १९८० मध्ये युद्ध पेटलं, ते आठ वर्षं चाललं. जहाजं तिथंच अडकली, बुडाली. वरून येणारं पाणी घटलं तसा समुद्र आत शिरला. २०१८ मध्ये बसऱ्यात दूषित पाण्यानं लाखाहून जास्त माणसं आजारी पडली. ज्या नदीनं शेजाऱ्याला पाणी पाजलं, तिच्याच काठावर ही वेळ!

हे सगळं आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या वर्षी कावेरीनंतर क्षणभर थांबून तिनं आणखी एक नाव घेतलं. उच्चार थोडा चुकला, एवढंच. आणि धाकट्याला म्हणाली, "नळ बंद कर आधी!"

मंडळी, शुभ दीपावली!