क्यूच्या टोकावरचं चामडं : टिपचं माप, ती बसवण्याची रीत आणि मार्कर

स्नूकरचा जन्म जबलपूरचा, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहे. 1875 चा पावसाळा, इंग्रज पलटणीचा मेस, बिलियर्डचं टेबल आणि नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी. पंधरा लाल चेंडूंच्या ‘पिरॅमिड’ खेळात त्यानं काळा आणि इतर रंगीत चेंडू मिसळले. वूलिचच्या लष्करी अकादमीत नवख्या पोरांना ‘स्नूकर’ म्हणून चिडवत. नेम चुकलेल्या एका सोबत्याला त्यानं तेच नाव चिकटवलं आणि पुढे खेळालाही ते चिकटलं. 1882 मध्ये उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लागले. जबलपूर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं आणि 1861 पासून नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आलं, त्यामुळे मध्य भारतातल्या आपल्या मराठी मंडळींना ही हकिगत थोडी घरचीच वाटते.

पण नेहमी सांगितली जाणारी ही हकिगत सगळी अधिकाऱ्यांची आहे. टेबलाची कापडं झाडणारा, गुण मोजणारा, चेंडू काढून देणारा आणि क्यूच्या टोकाला चामडं चिकटवणारा मार्कर तिच्यात नाही. एक सेंटिमीटर रुंदीचं ते चामडं नीट बसलेलं नसेल, तर खेळाडू कितीही मोठा असो, स्नूकर खेळताच येत नाही. म्हणून या लेखात त्या चामड्याचीच गोष्ट सांगतो, आणि माप कसं निवडायचं तेही.

आधी क्यूला टिप नव्हतीच. किंबहुना क्यूही नव्हता. फावड्यासारख्या डोक्याच्या दांड्यानं चेंडू ढकलत. चेंडू कडेच्या फळीला चिकटून राहिला की ते डोकं अडचणीचं होई, मग लोक दांडा उलटा धरून शेपटीच्या टोकानं मारत. फ्रेंचमध्ये शेपटीला जो शब्द आहे त्यावरून ‘क्यू’ आला. नुसत्या लाकडाचं टोक गुळगुळीत चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला लागलं की घसरायचं. म्हणजे चेंडू सरळ मारा, नाहीतर मारूच नका.

यातून वाट काढली ती फ्रेंच लष्करातल्या कॅप्टन फ्रांस्वा मँगो यानं. (आंब्याशी संबंध नाही, फ्रेंच आडनाव आहे.) 1807 च्या सुमारास त्यानं क्यूच्या टोकाला चामडं लावून खेळून दाखवलं. तो राजकीय कैदी म्हणून तुरुंगात होता, तिथेच त्यानं हे साधलं आणि सुटकेची वेळ आली तेव्हा ‘अजून थोडे दिवस राहू द्या’ म्हणाला, अशी दंतकथा आहे. काही जण तर बॅस्टिलचा तुरुंग सांगतात. बॅस्टिल 1789 मध्येच पडलं, तेव्हा तेवढा भाग सरळ सोडून द्यावा. 1827 मध्ये मात्र त्याचं पुस्तक निघालं, त्यात अचाट वाटणारे फटके आकृत्यांसह दिले होते. लंडनचे टेबलवाले जॉन थर्स्टन यांनी ते 1830 मध्ये इंग्रजीत आणलं.

चामड्याबरोबर खडू आला, आणि इथे मला आवडणारा माणूस भेटतो : इंग्लंडमधल्या बाथ गावचा जॅक कार. हा मार्कर होता! टिपला खडू घासून चेंडूच्या बाजूला मारलं की चेंडू गिरकी घेतो, हे मालकाकडून शिकून तो लोकांना चकित करी आणि ही करामत आपल्या खास पुडीची म्हणून डबीत भरून ती विकी. डबीत साधा खडू. लोकांनी घेतलाही. आज ज्याला आपण ‘साईड’ म्हणतो त्याचा इंग्लंडातला पहिला प्रचारक असा एक पगारी नोकर होता. पण बिलियर्डच्या इतिहासात अशा नोकराचं नाव टिकलं, हा अपवादच.

आता मापाकडे येऊ. टिप केवढी हवी, हे चेंडू आणि खेळ ठरवतो. स्नूकरचा चेंडू 52.5 मिलिमीटरचा, अमेरिकन पूलचा 57.15 चा आणि वजनानंही जड. म्हणून पूलच्या क्यूला 12 ते 13 मिलिमीटरची टिप दिसते, स्नूकरला 9 ते 10 ची. इंग्लिश बिलियर्डचा चेंडू स्नूकरएवढाच असूनही त्याचे खेळाडू थोडी जाड, 10-11 ची टिप पसंत करत आले, कारण त्या खेळात चेंडूवर चेंडू आदळत लांबलचक ब्रेक करायचे असतात आणि भरीव फटका उपयोगी पडतो. आपल्याकडे आधी बिलियर्ड रुजलं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड विजेते झाले, वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले पहिले भारतीय. त्यामुळे बिलियर्डच्या काळातला जाड टोकाचा क्यू आजोबांचा म्हणून हाती आला तर ‘हा चुकीचा आहे’ असं म्हणायचं कारण नाही. तो वेगळ्या खेळाचा आहे, एवढंच.

बारीक टिपनं चेंडूचा नेमका बिंदू गाठता येतो आणि गिरकी सहज मिळते, पण हात किंचित हलला तरी ती चूक दाखवते. जाड टिप हातचं थोडं सांभाळून घेते. गिरकीला मात्र जरा जड. नवशिक्यानं 9.5 ची घ्यावी आणि वर्षभर बदलू नये, असं माझं मत. दर महिन्याला माप बदलणारे खेळाडू टेबलापेक्षा दुकानात जास्त दिसतात.

टिप घेताना मोजायचं ते टोकाचं पितळी कडं, ज्याला फेरूल म्हणतात. घेताना काय सांगितलं होतं त्यावर विसंबू नये. क्यू टोकाकडे निमुळता असतो. प्रत्येक वेळी टिप बदलताना टोक घासलं जातं, फेरूल झिजून नवं बसवलं की लाकूड थोडं आखूड होतं आणि टोक केसभर जाड होत जातं. 9.5 चा क्यू पंधरा-वीस वर्षांत 10 कडे सरकलेला सहज सापडेल. म्हणून कॅलिपर लावावा. टिप फेरूलपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी घ्यावी, म्हणजे 9.5 ला 10 ची. बाहेर आलेलं नंतर कापता येतं. लहान टिप कधीच लावू नये. पितळेची कड उघडी पडली की ती चेंडूला लागते, कापडालाही ओरखडा काढते.

बसवण्याचं काम घाईचं नाही. जुनी टिप पात्यानं उडवायची. मग फेरूलवरचा आणि मधल्या लाकडावरचा जुना डिंक अगदी स्वच्छ काढायचा. निम्म्या टिपा इथेच फसतात. सपाट ठोकळ्यावर सँडपेपर ठेवून टोक उभं धरून घासावं, हातात सँडपेपर धरून घासलं तर कडा गोल होतात आणि टिप मधेच टेकते. टिपची पाठही तशीच सपाट करावी. पूर्वी सरस लावून रात्रभर ठेवत. आता जेलसारखा सुपरग्लू मिळतो, थेंबभर पुरे. टिप मधोमध ठेवून क्यू उलटा करावा, टोक लाकडी फळीवर टेकवून दाबावं आणि थोडा वेळ हलवू नये. सुकल्यावर टिपचा चेहरा फळीवर ठेवून धारदार पात्यानं, फेरूलकडून खाली, बाहेरचं चामडं छाटावं. बाजू किंचित ओली करून कागदानं किंवा चामड्यानं चोळली की ती घट्ट आणि चकचकीत होते, उशिरा फुगते. शेवटी माथ्याला घुमट द्यावा. अगदी चपटी टिप कडेनं लागते, फार टोकदार झाली तर लवकर बसते.

पावसाळ्यात हे सगळं बिघडतं. चामडं ओल धरतं, मऊ पडतं आणि फटके बसून कुत्र्याच्या छत्रीसारखं कडेनं पसरतं. चेंबरलेनच्या मंडळींनी 1875 मध्ये खेळ शोधला तो नेमका याच हवेत, नर्मदेकाठच्या गावात. त्यांच्या टिपा त्या पावसाळ्यात कुणी कितीदा छाटल्या असतील, याचा विचार मला चेंबरलेनच्या विनोदापेक्षा जास्त रमवतो. क्लबांच्या फळ्यांवर अध्यक्षांची आणि विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत असतात. मार्करचं नाव असलंच तर पगाराच्या वहीत.

त्यामुळे मंडळाच्या वाचकांना एक विनंती. घरात, जुन्या वाड्यात, क्लबच्या कपाटात जुना क्यू असेल तर टिप बदलण्याआधी फेरूलचा व्यास मोजून लिहा. कापलेली जुनी टिप फेकू नका, पाकिटात घालून वर तारीख टाका. क्लबची पगाराची वही पाहायला मिळाली तर मार्करचं नाव आणि साल उतरवून घ्या. आणि तो मार्कर किंवा त्याचा मुलगा अजून गावात असेल, तर आधी त्याच्याकडे जा. वही पळून जात नाही.