स्टेरॉइडची गोळी आणि मुलांची चिडचिड : पाऊणशे वर्षांचा इतिहास

रक्ताच्या कर्करोगावर, म्हणजे ल्युकेमियावर, उपचार सुरू झाले की आठवड्या-दोन आठवड्यांत अनेक आईवडील एकच तक्रार सांगतात : "डॉक्टर, पोर इतकं शहाणं होतं. आता सारखं चिडतं, रडतं, रात्री उठून खायला मागतं." मग कुठे मुलाला ओरडा बसतो, कुठे गोळी गुपचूप बंद होते. दोन्ही घातक. म्हणून या गोळीची गोष्ट पालकांना माहीत हवी.

आपल्या मूत्रपिंडांच्या वर ॲड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही त्याचीच कृत्रिम भावंडे.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सांधेदुखीने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन दिले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच सुरुवातीच्या काळात आणखी एक गोष्ट दिसली. काही रुग्ण अकारण आनंदी होत, काहींची झोप उडे, तर मोजक्यांना भ्रम होत. १९५२ मध्ये मेयोच्याच मनोविकारतज्ज्ञांनी, रोम आणि ब्रेसलँड यांनी, या मानसिक परिणामांवर सविस्तर लेख लिहिला. म्हणजे औषधाचा मनावर परिणाम होतो, हे जवळजवळ पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

ल्युकेमियाच्या मुलांची स्थिती तेव्हा बिकट होती. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध १६ मुलांना दिले. १० मुले सुधारली, पण तात्पुरती. पुढच्या एक-दोन वर्षांत स्टेरॉइडही वापरून पाहिले गेले. लिम्फोब्लास्ट या कर्करोगी पेशी त्याने मरतात, हे दिसले; पण आजार पुन्हा उलटे. १९५५ मध्ये प्रेडनिसोन बाजारात आले. १९६२ मध्ये मेम्फिस येथे सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झाले. तिथे डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत उभी केली आणि १९६० च्या दशकाअखेर जवळपास निम्मी मुले बरी होऊ लागली. भारतातही १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी 'एमसीपी ८४१' ही एकच उपचारपद्धती वापरली. तिच्यातही प्रेडनिसोलोन होते.

मूल जगेल का, हाच प्रश्न असताना चिडचिडीची नोंद कोण ठेवणार? मुले वाचू लागली, तसा 'ती कशी जगतात' हा प्रश्न पुढे आला. ब्रिटनमधील 'एएलएल ९७' या चाचणीत प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन यांची तुलना झाली. डेक्सामेथासोन मेंदूभोवतीच्या द्रवात जास्त चांगले पोहोचते. त्या गटात आजार उलटण्याचे प्रमाण कमी निघाले, पण वागणुकीच्या तक्रारी जास्त निघाल्या. ज्या औषधाने जीव वाचतो, त्यानेच मूल रडवेले होते, हे आता आकड्यांत दिसले.

कारण सरळ आहे. कॉर्टिसॉलला ओळखणारे ग्राहक मेंदूतही असतात. झोप, भूक आणि भावना सांभाळणाऱ्या भागांतही. औषध कर्करोगी पेशींपुरते थांबत नाही. म्हणून हा मुलाचा हट्टीपणा नाही आणि तुमच्या लाडांचा दोषही नाही. गोळीचा कोर्स संपल्यावर बहुतेक मुले काही दिवसांत ते आठवड्यांत पूर्ववत होतात.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे :

- गोळी स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. आजार उलटू शकतो. शिवाय सलग काही आठवडे गोळी घेतल्यावर ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावतात, त्यामुळे अचानक थांबवणेही धोक्याचे असते.
- झोप उडत असेल तर गोळीच्या वेळा बदलता येतील का, हे डॉक्टरांना विचारा.
- कोर्सच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. आजी-आजोबांना, भावंडांना आणि शाळेतल्या बाईंना आधीच सांगून ठेवा.
- मुलालाही सांगा, "हे तुझ्यामुळे नाही, औषधामुळे होतंय." मोठ्या मुलांना याचा फार आधार वाटतो.
- मूल नसलेल्या गोष्टी पाहू-ऐकू लागले, किंवा स्वतःला इजा करण्याचे बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

डॉक्टर रक्ताचे रिपोर्ट पाहतात. मुलाचे रात्रीचे रडणे तुम्हीच पाहता. पुढच्या भेटीत तेही सांगा.