बालवाडीचे टाचण आणि थोरल्या बहिणीची शाळा



आपल्याकडे मुलाची बिस्मिल्लाख्वानी परंपरेने चार वर्षे, चार महिने, चार दिवस या वयाला होते. मिठाई वाटली जाते, आजी-आजोबांचे डोळे भरून येतात, आणि दुसऱ्याच दिवसापासून घरात एक अपेक्षा सुरू होते की पोराच्या हातून आता पाटी सुटू नये. अशा वेळी बालवाडीच्या बाई सांगू लागल्या की आज मुले वाळूत खेळली, तर आपल्या कपाळाला आठी पडते. फी काय खेळायला भरली, असे आपण तोंडावर विचारत नाही, इतकेच.

ही तक्रार जुनी आहे. इमाम गज़ाली, ज्यांचे निधन ११११ साली झाले, त्यांनी आपल्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात बजावले आहे की मक्तबातून परतलेल्या मुलाला खेळू द्यावे. त्याला सतत अभ्यासालाच जुंपले तर त्याचे मन मरते व बुद्धी बोथट होते. मात्र तो खेळ अभ्यासानंतरच्या विसाव्याचा. लहान मुलाचा खेळ हाच त्याचा अभ्यास, आणि म्हणून त्याची आखणी शिक्षिकेने आदल्या दिवशी करावी, हा विचार आपल्या भागात रुजला तो गेल्या शतकात.

त्याचा आरंभ गुजरातेत झाला. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. दिल्लीच्या जामिया मिल्लियातही त्याच सुमारास लहान मुलांच्या शिक्षणात एक परदेशी बाई रमल्या होत्या. गेर्डा फिलिप्सबोर्न त्यांचे नाव, जर्मनीतील ज्यू कुटुंबातल्या. डॉ. झाकिर हुसेन यांची बर्लिनमधील ओळख त्यांना इकडे घेऊन आली. जामियातली मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. १९४३ मध्ये त्या वारल्या, त्यांची कबर जामियाच्याच कब्रस्तानात आहे आणि तिथल्या पाळणाघराला त्यांचे नाव दिलेले आहे.

पण आपल्या सोलापूरकरांना खरा उपयोगी पडणारा धडा बोर्डीचा आहे. मॉन्टेसरी पद्धतीचे साहित्य महाग. शहरातल्या सुखवस्तू घरांना ते परवडे. १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे त्यांचे बालपण. गावातल्या दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणात बसल्या. तीच अंगणवाडी. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

अंगणात महागडे साहित्य कुठून येणार? शंख-शिंपले, बिया, पाने, माती, खडे हेच साहित्य झाले. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले, तेव्हा तर शाळा मुलांच्या मागे गुरांच्या कुरणापर्यंत पोचली. तिथे आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. आई-बाप कामावर गेले की थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी राही. तिला शाळेत आणायचे तर धाकट्याची सोय हवी. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली गेली. तिचे नाव विकासवाडी.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आणली. परंतु गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि विडी तर बहुतेक घरीच वळली जाते. आई पान-तंबाखू घरी आणते, सूप मांडीवर घेते, आणि रांगते मूल तंबाखूपासून दूर ठेवण्याचे काम नऊ-दहा वर्षांच्या मुलीवर येते. तिची शाळा बुडते ती अशी, हळूहळू. मुलींच्या शिक्षणाची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो; त्या मुलीच्या कडेवरच्या भावाचे काय करायचे, हे त्यात क्वचित येते.

तेव्हा आपल्या बालवाडीच्या बाईंचे टाचण एकदा मागून वाचा. चांगल्या टाचणात पळापळीच्या खेळानंतर शांत काम येते, कारण या वयाचे मूल एका कामात पंधरा-वीस मिनिटांहून जास्त रमत नाही. क्रम रोज तोच असतो, आतला खेळ बदलतो. क्रम ठाऊक झाला की रडणारे मूलही सावरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात मैदानी खेळ सकाळी लवकर, ऊन चढल्यावर आत मणी ओवणे, चिंचोके मोजणे, चिंध्या रंगांप्रमाणे लावणे. बोटांना हे वळण लागले की पेन्सिल धरणे सोपे जाते. कडब्याच्या चिपाडाची गाडी, सुताच्या रिकाम्या कांड्यांचा मनोरा, यांना पैसा लागत नाही. पाण्याचा खेळ आपल्या गावात जपूनच, एका घमेल्यात दहा जणांचा. गोष्ट मात्र मुलाच्या घरच्या बोलीत हवी, मग ती दखनी असो, तेलुगू असो की मराठी. मूल पुस्तकाच्या भाषेकडे जाईल, आधी त्याला बोलू द्या. पाटीची घाई असणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंत खेळातून शिकणेच पायाभूत मानले आहे.

आणि टाचणाच्या वर वेळ लिहिलेली असते, तीही पाहा. बालवाडी नऊला उघडून अकराला सुटत असेल आणि थोरलीची शाळा साडेदहाला भरत असेल, तर धाकट्याला घरी न्यायला कोण येणार, हे बाईंना आणि संस्थेच्या चालकांना विचारा. बोर्डी-कोसबाडच्या बायकांनी आपली वेळ वस्तीच्या कामाच्या वेळेवर लावली होती. आपल्याला ती थोरलीच्या शाळेच्या घंटेवर लावावी लागेल.