रात्र जागवायचं निमित्त

नागपंचमीला चुलीवर तवा चढत नाही. चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. रानात नांगरही चालवायचा नाही. नागाला इजा होऊ नये म्हणून हा नेम, असं म्हातारी माणसं सांगतात. कारण काहीही असो, बायकांना तो फार सोयीचा पडला. घरात उकडलेली पुरणाची दिंडं, भाकऱ्यांचा घाट नाही, आणि ऊन कलायच्या आत गावातल्या लेकीसुना झाडाला टांगलेल्या झोक्याकडे निघालेल्या. वर्षभर जिला पाठ टेकायला फुरसत नाही, तिला या एका दिवशी काम करणंच निषिद्ध! फुरसत मागून मिळत नसे. देवाच्या नावावर निघाली तर मात्र सासूलाही नाही म्हणता येत नसे.

महाराष्ट्रातल्या बायकांच्या व्यायामाचा इतिहास तालमीच्या लाल मातीतून सुरू करून चालत नाही. तिथे बाईला मज्जावच होता. मारुतीच्या त्या राज्यात जोर-बैठका, कुस्ती, मल्लखांब सगळं पुरुषांचं. बाईचा आखाडा पंचांगात होता. श्रावणात नागपंचमी आणि मंगळागौर, भाद्रपदात गौरी-गणपतीच्या फुगड्या, आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की हादगा किंवा भोंडला, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. गोव्यात चवथीची फुगडी वेगळी आणि पौषातल्या चांदण्यात मांडावर रंगणारे धालो वेगळे. चातुर्मास म्हणजे व्रतांचे दिवस हे खरं, पण त्या व्रतांच्या पदराआड पोटऱ्या, मांड्या, कंबर आणि छाती यांची चांगली मशागत होत असे.

मंगळागौर त्यातली सगळ्यात दमवणारी. श्रावणातल्या मंगळवारी, लग्नानंतरची पाच वर्षं, नव्या सवाष्णींनी मांडायची. सकाळी पत्री गोळा करून पूजा, मग मुकाट्याने जेवण (तोंडातून शब्द काढायचा नाही), संध्याकाळी हळदीकुंकू, आणि रात्री जागरण. हे जागरण भजनाचं नव्हे, खेळाचं. झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं, लाटणी, टिपऱ्या, गोफ, शिवाय फुगडीचे प्रकार तर मोजावेत तितके. पहाट झाली की उत्तरपूजा, दहीभाताचा नैवेद्य आणि गौरीची बोळवण. घरी गेल्यावर पाणी भरणं, सडा-सारवण होतंच. त्याला सुटी नव्हती.

फुगडी जवळून पाहावी. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, चवडे एकमेकींच्या चवड्यांना जवळजवळ टेकलेले. हातांची फुली करून पंजे घट्ट धरायचे, कोपरं ताठ ठेवायची आणि अंग मागे झोकून द्यायचं. आता दोघींपैकी कुणीच स्वतःच्या तोलावर उभी नसते. एकीनं हात सोडला तर दुसरी आपटलीच. बारीक बारीक पावलांनी गिरकी सुरू होते. वेग वाढला की शरीर बाहेर फेकलं जाऊ पाहतं आणि ते ओढून धरायचं काम दंड, खांदे आणि पाठ करतात. भोवळ येऊ नये म्हणून नजर समोरचीच्या चेहऱ्यावर ठेवायची, भिंतींकडे पाहायचंच नाही. तोंडाने ‘फू’ चालूच. जोडीदारीण वजनाने भारी असेल तर तिने कमी झुकायचं आणि हलकीने जास्त, हे कुणी शिकवत नसे, दोन गिरक्यांत कळे. बसफुगडी याहून अवघड. उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या मारायच्या. कोंबड्यातही तीच गत. आज जिममध्ये पैसे भरून जे ‘स्क्वॉट जम्प’ शिकतात, त्याच्या जवळचं काहीतरी आपल्या पणज्या नऊवारी नेसून, केसांत गजरा माळून, वर गाणी म्हणत करत होत्या.

गाण्याला इथे फार मोठं काम होतं. श्रम मध्यम असेल तर माणसाला बोलता येतं पण गाता येत नाही, अशी एक साधी चाचणी डॉक्टर हल्ली सांगतात. झिम्म्यातल्या बायकांनी त्यावर आपली वाट काढली होती. एकीने ओळ घ्यायची, बाकीच्यांनी झेलायची. म्हणणारीला धाप लागली की दुसरीने उचलायची. पिंग्यात कमरेतून झुकत दोन पक्ष एकमेकींना टोमणे मारतात. सासू, सवत, विहीण, कुणाचंही उट्टं काढून घेता येतं. दिवसभर जे ओठांवर आणता येत नसे, ते रात्री ठेक्यावर मोठ्याने म्हणायला समाजाची परवानगी होती. पाय दुखले तरी थांबावंसं वाटू नये, याची एवढी पक्की तजवीज फार कमी व्यायामप्रकारांत असेल.

आणि टाळाटाळीचंही गाणं होतं. ‘नाच गं घुमा’मध्ये घुमाला नाच म्हणून आग्रह होतो आणि ती सबबी सांगत सुटते. सोनार आला नाही म्हणून हा दागिना नाही, कासार आला नाही म्हणून बांगड्या नाहीत, मग मी नाचू तरी कशी? गावातल्या एकेका कारागिरावर खापर फोडत गाणं लांबत जातं. गंमत अशी की सबबींचं हे गाणं म्हणत म्हणतच बायका नाचत असतात.

“पूर्वीच्या बायकांना वेगळा व्यायाम लागतच नव्हता, घरकामातच होत असे” हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी काका फेकतातच. ते अर्धवट आहे. काम अफाट होतं, यात वाद नाही. कोंबडा आरवायच्या आत उठून जातं ओढायचं, उखळात कांडायचं, विहिरीचं पाणी शेंदायचं. जात्यावर म्हटलेल्या ओव्या गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. तेवढ्या ओव्या सुचाव्यात इतकं दळण बायकांनी दळलं. पण कामानेच अंगाची गरज भागत असती, तर तीच बाई सणाची रात्र सापडताच दमेपर्यंत फुगड्या का घालत बसली असती? दळणाने खांदा झिजतो. फुगडीत तोच खांदा बाई स्वतःच्या हौसेने वापरते. श्रम आणि खेळ यांतला हा फरक त्या बायकांना नीट कळत होता. काकांना अजून कळायचा आहे.

या रिंगणाची दुसरी बाजू मात्र झाकून चालणार नाही. पाच वर्षांची मंगळागौर मुख्यतः ब्राह्मण आणि काही पांढरपेशा घरांतली. फुगडी आणि झिम्मा सर्व जातींत, पण एका रिंगणात सगळ्या जाती नव्हेत. विधवेला तर सवाष्णींच्या या खेळात जागाच नव्हती. आणि खेळणाऱ्या ‘नववधू’ कोण होत्या? संमतिवयाच्या १८९१च्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा केवढं काहूर माजलं. मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवणारा सारडा कायदा आला १९२९ साली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मंगळागौरीत धुडगूस घालणाऱ्या पुष्कळशा ‘बायका’ आज शाळेच्या गणवेशात दिसल्या असत्या. माहेर सुटलेल्या त्या पोरींना एक रात्र पोरींसारखं वागता येई, एवढाच हिशेब त्यामागे असला तरी तो लहान नव्हता.

पुढे शिक्षण आलं, लग्नाचं वय वाढलं, पिठाच्या गिरण्या आल्या आणि कासोटा गेला. कासोट्याचं जाणं अनेक इतिहासकार पोशाखाच्या प्रकरणात दोन ओळींत उरकतात. पण ज्या साडीत मांडी मोकळी टाकता येते ती सुटून गोल पातळ आलं, तेव्हा बसफुगडीचं काय झालं असेल ते नेसून पाहिल्याशिवाय समजत नाही.

याच काळात व्यायामाला ‘व्यायाम’ म्हणून बाईच्या दारात आणणारी माणसंही निघाली. त्यांत सगळ्यात हट्टी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सातारा भागातल्या या छोट्या संस्थानिकाने सूर्यनमस्काराचा असा ध्यास घेतला की संस्थानातल्या शाळांत तो शिकवला जाऊ लागला, त्यावर पुस्तक निघालं, आणि राजवाड्यात राजाबरोबर घरची मंडळीही नमस्कार घालू लागली. १९३६ साली ते लंडनला गेले असताना लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंची त्यांची गाठ पडली. त्यांनी संपादित केलेलं राजेसाहेबांचं इंग्रजी पुस्तक १९३८मध्ये तिकडे छापून आलं. नमस्काराला साधन नको, जागा सतरंजीएवढी, वेळ थोडा. कामाच्या रगाड्यात अडकलेल्या बाईला याहून सोयीचं काय असणार? त्याच वर्षांत, १९३६च्या विजयादशमीला, लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती काढली आणि मुली-बायका मैदानावर लाठी फिरवू लागल्या. १९४१नंतरच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुलगे-मुली बरोबरीने लेझीम खेळू, कवायत करू लागले. विचारांनी ही दोन टोकं, पण ‘मुलीने मैदानावर यावं’ यावर दोघांचंही एकमत होतं.

सूर्यनमस्कार टिकला, शाळाशाळांत रुजला. तरी त्याची एक अडचण होती आणि ती राजेसाहेबांच्या ध्यानात आली नसावी. तो एकटीने घालायचा असतो. पहाटे पाचला स्वतःला उठवायचं, मोजायचं, आणि उद्या पुन्हा. राजाला ते जमतं. त्याचा चहा दुसरं कुणी करत असतं. ज्या घरात डबे भरायचे असतात तिथे एकटीचा नेम सगळ्यांत आधी मोडतो, कारण तो मोडला तर दुसऱ्या कुणाचं काहीच अडत नाही. फुगडीचं तसं नाही. एक आली नाही की दुसरी खोळंबते.

मधल्या दशकांत शहरी घरांतून मंगळागौर आकसली. चाळीतल्या दोन खोल्यांत रात्रभर पाय आपटले तर खालचे भाडेकरू वर येत. सुनेला सकाळी ८ वाजून काही मिनिटांची लोकल गाठायची असे. पूजा राहिली, जागरण गेलं. गाणी मात्र हरवली नाहीत, याचं श्रेय सरोजिनी बाबर यांच्यासारख्यांना. महाराष्ट्र लोकसाहित्य समितीच्या त्यांच्या खंडांतून बायकांच्या गाण्यांचा मोठा साठा छापून ठेवला गेला, आणि शान्ता शेळके यांच्याबरोबरच्या ‘रानजाई’ या दूरदर्शनवरच्या कार्यक्रमातून तो दिवाणखान्यात पोचला.

मग खेळ परत आला तो वेगळ्याच दाराने. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांत मंगळागौरीचे खेळ करणारे गट उभे राहिले. बँकेतली, शाळेतली, आयटीतली, घर सांभाळणारी, निवृत्त अशा सगळ्या एका हॉलमध्ये तालमीला येतात. हो, याला ‘तालीम’च म्हणतात. लग्नघरी बोलावणं येतं, दोन-तीन तासांचा कार्यक्रम होतो, मानधन मिळतं. नऊवारी आता शिवलेली, नाडी ओढली की झालं, आणि त्यात बसफुगडी पुन्हा शक्य झाली! अनेक गटांत नवरा आहे की नाही याची चौकशी कुणी करत नाही. एखादीचा गुडघा बोलू लागला तर तिला उभ्या झिम्म्यात घेतात, सूप नाचवायला देतात, नाहीतर ढोलकीजवळ बसवून गायला लावतात. गट सोडायला कुणी सांगत नाही.

केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने जून २०२३मध्ये हेच पडद्यावर आणलं. सहा बहिणी, सहाही आपापल्या संसारात गुरफटलेल्या, एकमेकींशी धड बोलत नसलेल्या, आणि मध्ये मंगळागौरीची स्पर्धा. बायका घोळक्याने, नटूनथटून सिनेमाला गेल्या. कित्येक ठिकाणी चित्रपटगृहातच फुगड्या झाल्या.

याला निव्वळ हौस म्हणून हसण्यासारखी परिस्थिती नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार भारतात पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण जवळजवळ निम्मं आहे; पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. आठवड्यात दोन तालमी आणि प्रत्येकीतला दीड तास खरोखर नाचण्यात गेला, तरी आकडा गाठतो. चहा आणि गप्पांचा वेळ वजा करूनही. २०१२मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘पिंकेथॉन’ या फक्त बायकांच्या धावण्यातही तीच युक्ती दिसते. स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचं निमित्त, बरोबर मैत्रिणी, आणि साडी नेसून धावणारीकडे कुणी वळून पाहत नाही.

या गटांनी परंपरेत एक फेरफार मात्र बिनबोभाट केला आहे. तालीम शनिवारी दुपारी, कारण त्या वेळी ऑफिस नसतं आणि मुलांचे क्लास असतात. स्पर्धा रविवारी, कारण हॉल आणि परीक्षक तेव्हाच मिळतात. लग्नघरंही पूजा मंगळवारी उरकून खेळ शनिवार-रविवारवर ढकलतात. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत तर श्रावणातला कुठलाही सुटीचा दिवस चालतो. मंगळवारी रात्री जागणाऱ्या बायकांना बुधवारी सकाळी लॉगइन करायचं असतं, हे गौरीलाही मान्य दिसतं.