काच आणि धातू यांचा सांधा

विजेच्या सुरुवातीच्या दिव्यांत काचेतून आत जाणारी तार प्लॅटिनमची असे. धातू महाग, परंतु त्याचे उष्णतेने होणारे प्रसरण काचेशी जुळणारे. प्रसरण न जुळल्यास थंड होताना सांधा तडके आणि दिव्यात हवा शिरे.

१९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी बिघडली. ६०० अंश सेल्सिअसऐवजी तापमान ९०० वर गेले. काच वितळली असेल, असे त्यांना वाटले. निघाली मात्र पांढरी, अपारदर्शक पट्टी. चिमट्यातून निसटून ती खाली पडली, तरी फुटली नाही. काचेतील चांदीच्या सूक्ष्म कणांपासून स्फटिकांची वाढ झाली होती.

काच-सिरॅमिकचा इतिहास येथून सुरू होतो. स्फटिकांचा प्रकार आणि प्रमाण यांवर प्रसरण ठरते. निकेलच्या मिश्रधातूंशी हवाबंद सांधा करण्यासाठी लिथियम सिलिकेटचे काच-सिरॅमिक वापरले जाते, ते याच गुणामुळे.