ज्याँ आणि पॉल यांच्यामधली आडवी रेघ

काही महिन्यांपूर्वी आम्ही तिघे-चौघे एका अनुवादित निबंधसंग्रहाची नामसूची करावयास बसलो होतो. काम रूक्ष खरे, परंतु सूची करताना पुस्तक जसे उघडे पडते तसे ते वाचताना पडत नाही. सार्त्रच्या नावापाशी आम्ही अडलो. एकाच पुस्तकात तो चार वेषांत वावरत होता: 'ज्याँ-पॉल सार्त्र', 'ज्याँ पॉल सार्त्र', 'जे. पी. सार्त्र' आणि एका तळटीपेत नुसताच 'पॉल सार्त्र'. आमच्यापैकी एकाने सहज सुचवले, "सार्त्र, ज्याँ पॉल असे लिहा, मधले नाव वडिलांचे असणार." कोणीही हरकत घेतली नाही. 'पॉल' हे सार्त्रच्या पित्याचे नाव नव्हे, हे ध्यानात येण्यास आम्हा सर्वांना, साहित्य शिकवणाऱ्या माणसांना, चांगला अर्धा तास लागला. प्रस्तुत टिपण त्या अर्ध्या तासाच्या शरमेतून उद्भवले आहे.

चूक आमची एकट्यांची नव्हे. मराठी माणूस नाव वाचतो तो तीन खणांच्या चौकटीत: पहिला खण स्वतःचा, दुसरा बापाचा (विवाहित स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याचा), तिसरा कुळाचा. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, बा. सी. मर्ढेकर ही आद्याक्षरे आपण उच्चारतो तेव्हा दुसऱ्या अक्षरामागे वडील उभे आहेत हे सांगावे लागत नाही. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली की परक्या नावात दोन शब्द सुटे दिसले की दुसऱ्याचे पितृत्व आपण गृहीतच धरतो. फ्रेंच नावात मात्र या दोन शब्दांमध्ये एक आडवी रेघ असते. आपले व्याकरण तिला संयोगचिन्ह म्हणते. ती गळाली की मधला खण आपोआप तयार होतो आणि त्यात नसलेला बाप येऊन बसतो.

सार्त्रच्या बाबतीत हा विनोद जरा क्रूर आहे. २१ जून १९०५ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या या मुलाचा बाप पुढच्याच वर्षी वारला. बापाचे नाव ज्याँ-बातिस्त, आईचे आन्-मारी, मुलाचे ज्याँ-पॉल. एका घरात तीन जोडनावे! जन्मनोंदीत मुलाच्या नावापुढे 'शार्ल एमार' अशी आणखी दोन नावे होती. पैकी शार्ल हे आजोबांचे, म्हणजे आईच्या वडिलांचे नाव. घरात मात्र तो 'पूलू' होता. 'ले मो' (१९६४) या आत्मकथनात सार्त्र आईचा उल्लेख सतत 'आन्-मारी' असा पहिल्या नावानेच करतो, जणू ती थोरली बहीण असावी. आणि बाप लवकर गेला हे आपले भाग्यच, कारण त्यामुळे कोणाचे ओझे पाठीवर राहिले नाही, असा त्याचा दावा आहे. दावा पटो वा न पटो, त्या पुस्तकाचा सारा डोलारा पित्याच्या अनुपस्थितीवर उभा आहे. आणि आपण मराठीत त्याचे नाव लिहिताना एक रेघ गाळून त्याला 'पॉल' नावाचा बाप बहाल करतो. आपल्या रीतीने लिहावयाचेच तर ते नाव 'ज्याँ-पॉल ज्याँ-बातिस्त सार्त्र' असे होईल. त्यातल्या दोन्ही 'ज्याँ'कडे पाहिले म्हणजे बापाची खूण नावात आहेच, फक्त ती आपण शोधतो त्या खणात नाही, हे दिसते.

ही जोडनावे आली कोठून? पुष्कळशी संतांच्या दारातून. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या रोमन प्रश्नोत्तरीने बाप्तिस्म्याच्या वेळी संताचेच नाव द्यावे असा आग्रह धरला. लोकप्रिय संत मोजके, गावात ज्याँ आणि मारी यांचा सुकाळ. तेव्हा एका नावाला दुसरे जोडून माणसे वेगळी ओळखण्याची सोय झाली, शिवाय एकाऐवजी दोन संतांचे छत्र मिळाले. मोलिएरचे उदाहरण बोलके आहे. १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसच्या सॅं-उस्ताश चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तो 'ज्याँ पोकलँ' या नावाने. पुढे धाकट्या भावाचेही नाव ज्याँच ठेवले गेले, म्हणून थोरला ज्याँ-बातिस्त झाला असे चरित्रकार सांगतात.

व्याकरणाच्या शिक्षकांना येथे थोडी मौज आहे. 'ज्याँ-बातिस्त' म्हणजे दोन संत नव्हेत. बाप्तिस्मा देणारा योहान हा एकच. नाव आणि त्याला जडलेले विशेषण, आपल्या कर्मधारयासारखे. 'ज्याँ-पॉल' मात्र चोख द्वंद्व: योहान आणि पौल. रेघ तीच, विग्रह निराळा. तिसरा प्रकार 'फ्राँस्वा-झाव्हिए'. ज्या संताचे शव जुन्या गोव्यात बॉम जेझुच्या बासिलिकेत आहे त्याचे हे नाव. यातले 'झेव्हियर' हे मुळात नावारातल्या एका गढीचे, म्हणजे गावाचे नाव. गावाचे नाव संताला चिकटले आणि संताकडून फ्रान्समधल्या असंख्य मुलांच्या पहिल्या नावात गेले. खुद्द गोव्यात मात्र पोर्तुगीज वळणाची दुहेरी नावे सुटीच उभी राहतात. 'ओस ब्राह्मानेस' (१८६६) या कादंबरीचा कर्ता फ्रान्सिस्को लुईस गोमेस याच्या दोन नावांत रेघ नाही.

मराठीलाही जोडनावांचे वावडे नाही. रामकृष्ण, हरिहर, सीताराम, राधाकृष्ण ही द्वंद्वेच आहेत. पण आपल्या लिपीत दोन देव एका शिरोरेखेखाली आले की सांधा दिसत नाही. रोमन लिपीला शिरोरेखा नाही, म्हणून तिला मध्ये आडवी रेघ घालावी लागते, असे आमच्यातील एका मित्राचे म्हणणे. हे शास्त्र नव्हे, पण सांगण्यासारखे वाटले. आमच्यातील एका भगिनीने यावर विचारले की मनकर्णिका गोखले आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यामध्ये कोणते चिन्ह घालाल? उत्तर आमच्याकडे नव्हते. तेथे दोन नावे एकापुढे एक आली, जोडली गेली नाहीत. दुसरे आले तेव्हा पहिले उठून गेले.

पुन्हा फ्रान्सकडे. क्रांतीने २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने जन्ममृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकांकडे दिल्या. पुढे १ एप्रिल १८०३ च्या कायद्याने निरनिराळ्या पंचांगांत असलेली आणि प्राचीन इतिहासातील ज्ञात व्यक्तींची नावेच नोंदवावीत असे ठरवले. भांडार असे मर्यादित झाल्यावर जोडणी हीच नवनिर्मिती. १९६६ च्या एका शासकीय सूचनेने जोडनावांना मान्यता देताना दोनच शब्दांची मर्यादा घातली. 'ज्याँ-पिएर' चालेल, त्यापुढे तिसरा डबा नको. तोवर या नावांची लाट शिगेला पोहोचलेली होती. १९३० च्या आगेमागे जन्मलेली पिढी आठवा: ज्याँ-ल्युक गोदार, ज्याँ-पॉल बेलमोंदो, ज्याँ-लुई त्रँतिन्याँ, ज्याँ-क्लोद ब्रियाली. फ्रेंच नवसिनेमाची श्रेयनामावली म्हणजे संयोगचिन्हांची रांग. ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने नावांवरचे जुने बंधन गेले, तेव्हा 'ज्याँ'ने सुरू होणारी नावे आजोबांची वाटू लागली होती.

नोंदवहीतली शिस्त मात्र टिकून आहे. दोन नावांमध्ये स्वल्पविराम असेल तर ती दोन नावे, आणि त्यांतले कोणतेही रोजच्या वापरासाठी निवडता येते. संयोगचिन्ह असेल तर नाव एकच, त्यातला अर्धा भाग कायद्याने टाकावयाचा तर रीतसर नामांतर करावे लागते. हे काम २०१६ च्या कायद्याने न्यायालयाकडून नगरपालिकेकडे आले. जुनी नोंद इतकी काटेकोर नव्हती. अठराव्या शतकातील हस्तलिखितांत ही रेघ पुष्कळदा नसेच. मुद्रकांनी आणि कोशकारांनी ती नंतर घट्ट केली, आणि काही जुन्या कोशांनी तर उत्साहाच्या भरात माणसाची सगळीच नावे रेघांनी ओवून 'व्हिक्तोर-मारी ह्यूगो' छापला.

आता रूसो, ज्याच्यासाठी हे सारे सांगितले. तो स्वतः सही करी 'जे. जे. रूसो' अशी, आणि त्याला दुहेरी नावाची व्यावहारिक गरजही होती. ज्याँ-बातिस्त रूसो नावाचा कवी त्या काळी अधिक प्रसिद्ध होता. तो १७४१ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी आपला रूसो नशीब काढावयास पॅरिसला आला. नुसते 'रूसो' म्हटल्यास लोकांना दुसराच आठवावा अशी स्थिती. पण वीस वर्षांत पारडे फिरले. १७६१ मध्ये 'नूव्हेल एलोईझ' आली आणि अनोळखी वाचक या लेखकाला आडनावाने नव्हे, 'ज्याँ-जाक' म्हणून ओळखू लागले. ला रोशेलचा ज्याँ रांसों हा व्यापारी आपल्या पुस्तकविक्रेत्याला लिहिलेल्या पत्रांत त्याला 'मित्र ज्याँ-जाक' म्हणतो. ही पत्रे रॉबर्ट डार्न्टनमुळे अभ्यासकांना परिचित झाली. लेखकाला पहिल्या नावाने हाक मारणारा वाचक त्या दोन शब्दांच्या नावाने जन्माला घातला, असे म्हणणे थोडे अतिशयोक्त होईल, फार नव्हे.

आणि मग ते विलक्षण पुस्तक. १७७२ ते १७७६ या काळात, सारे जग आपल्याविरुद्ध कट करीत आहे या भ्रमाने ग्रासलेला रूसो तीन संवाद लिहितो आणि त्यांना नाव देतो 'रूसो, ज्याँ-जाकचा न्यायाधीश'. पात्रे दोन: 'रूसो' आणि एक 'फ्रेंच गृहस्थ'. ते ज्याच्याविषयी बोलतात तो 'ज्याँ-जाक' समोर नाही. माणसाने स्वतःला दोन तुकड्यांत कापले आहे, आणि कापण्याची जागा नेमकी निवडली आहे. आडनाव, जे बापाकडून, जिनिव्हाच्या इझाक रूसो या घड्याळजीकडून आले, ते न्यायासनावर. आणि जे त्याचे एकट्याचे, ते दुहेरी नाव आरोपीच्या पिंजऱ्यात. फेब्रुवारी १७७६ मध्ये हे हस्तलिखित नोत्र दामच्या वेदीवर ठेवावे म्हणून तो गेला, तर आतले कठड्याचे दार बंद. ईश्वरही कटात सामील, असे त्याला वाटले.

आपल्या तीन खणांच्या चौकटीत हे शीर्षक वाचून पाहा. 'जाक' हा बाप ठरला की आरोपी एक राहत नाही. बापलेक दोघेही पिंजऱ्यात जातात आणि सारे कोडे विसकटते. 'ज्याँ-जाक' अखंड वाचला तरच तो चिरा कोठून गेला आहे ते कळते.

रूसोच्या भक्तांमध्ये एक जर्मन होता. योहान पॉल फ्रीडरिश रिख्टर हे त्याचे नाव. १७९३ मध्ये 'अदृश्य लॉज' ही कादंबरी प्रसिद्ध करताना त्याने रूसोच्या आदराखातर 'योहान'चा 'ज्याँ' केला आणि आडनाव टाकून दिले. वाङ्मयाच्या इतिहासात तो 'ज्याँ पॉल' म्हणूनच राहिला. तीन वर्षांनी आलेल्या 'झीबेनकेज' या कादंबरीत दोन मित्र आपली नावे अदलाबदल करून जगतात, आणि त्याच कादंबरीत 'डोपेलगेंगर', म्हणजे माणसाचा चालताबोलता जोडीदार, हा शब्द प्रथम आला. दुहेरी नाव उसने घेणाऱ्या माणसाने हा शब्द घडवावा याचे आम्हाला मुळीच नवल वाटत नाही.

सूची अखेर पूर्ण झाली. सार्त्र 'स'खाली गेला, रूसो 'र'खाली, दोघांची रेघ शाबूत. मुद्रिते आली तेव्हा अक्षरजुळणी करणाऱ्याने त्या रेघा लांब करून ठेवल्या होत्या, जणू १९०५–१९८० सारखा काळ दाखवावयाचा आहे. त्या हाताने दुरुस्त केल्या. रिख्टरवर मात्र वाद झाला. शेवटी त्याला 'ज'खाली घातले, 'ज्याँ पॉल' असे, मध्ये रेघ न देता. त्याने स्वतः ती दिलेली नाही.